दोघींना एकच पेपर

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला सगळे घडीताई म्हणत. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या कोपऱ्याला कोपरा लावून तिने एकदा हात फिरवला, की वर पट्टी लावून बघायची कुणाची टाप नव्हती. एकवीस वर्षं ती एकाच खिडकीपाशी उभी राहून घड्या घालत होती.

ती अकरा वर्षांची असताना आईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. बाप आधीच नव्हता. धाकटी चार वर्षांची. मोठीची शाळा सुटली ती सुटलीच. आईला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. मग सतराव्या वर्षापासून कारखानाही. धाकटी मात्र शिकली, चांगली पदवीपर्यंत शिकली आणि तीन वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात मोजणी विभागात लागली. तिला आणून मालकापुढे उभं केलं होतं तेही घडीताईनेच.

मग म्हातारे तपासनीस निवृत्त झाले. बांधून तयार झालेलं प्रत्येक पुस्तक बाहेर पडण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचं. आता त्या खुर्चीवर घडीताईच बसणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. घडीताईनेही धरलं होतं. तिने कुणाला सांगितलं नाही एवढंच.

मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. "वशिला बंद, ओळखपाळख बंद. लेखी पेपर. ज्याला बसायचं त्याने बसा. दार सगळ्यांना उघडं."

घडीताई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलली. "मालक, दार उघडं आहे, पण दारापर्यंत कोण कसं पोचलं ते कोण बघणार?"

"ते बघत बसलो तर कारखाना कधी चालवू?" मालक हसून म्हणाले. "मी सगळ्यांना एका रेषेवर उभं करतो. पुढे धावणं ज्याचं त्याचं. सगळ्यांनी एकदमच पोचायचं असेल, तर शर्यत कशाला हवी?"

लोक हसले. धाकटीही हसली, मग तिचं बहिणीकडे लक्ष गेलं.

पेपरात एक मुद्दाम बिघडवलेलं पुस्तक दिलं होतं. त्यातल्या चुका शोधून लिहायच्या, वेळ अर्धा तास. घडीताईने पुस्तक नुसतं हातात धरून पाच मिनिटांत अकरा चुका काढल्या: उलटं लागलेलं पान, सैल टाका, पाठीवर कमी पडलेली खळ. मग पेन घेतलं. पाचवीतल्या अक्षरांनी एकेक ओळ चढत गेली. वेळ संपली तेव्हा तीन लिहून झाल्या होत्या. धाकटीला सातच चुका सापडल्या. तिने सातही लिहिल्या.

निकाल लागला, खुर्ची धाकटीला मिळाली. त्या संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात आई आतल्या खाटेवर आणि दोघी बाहेर.

"तू नाव मागे घ्यायचं होतंस," घडीताई म्हणाली.

"का? मला काय कुणी ताटात वाढून दिलं? तुलाही तोच पेपर होता, ताई."

"तू शाळेत गेलीस तेव्हा आईला कोण वळवत होतं?"

"मी सांगितलं होतं का तुला शाळा सोड म्हणून? मी चार वर्षांची होते!"

खरं होतं ते. म्हणूनच ते घडीताईच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या सकाळी ती शांतपणे म्हणाली, "आजपासून आई एक आठवडा तुझी, एक आठवडा माझी. दिवसा शेजारीण बघेल, सकाळ-संध्याकाळ आपण. सारखं."

"मला तिला उचलता येत नाही, तुला माहीत आहे."

"येईल. आई तीच, खाट तीच. दोघींना एकच पेपर."

धाकटीच्या आठवड्यात घडीताई बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. आईला एकच शब्द धड बोलता यायचा: "मोठे." आत धाकटी धडपडायची, चादर ओढायची, रडकुंडीला यायची आणि आई हाका मारायची. "मोठे, मोठे." घडीताईचे हात आपोआप उचलले जायचे. ती ते मांडीखाली दाबून धरायची. आईच्या पाठीला जखमा झाल्या. आपल्या आठवड्यात घडीताई त्या धुवायची, मलम लावायची, भरत आणायची आणि आठवडा संपला की आईला पुन्हा सोपवायची.

धाकटीच्या तिसऱ्या आठवड्यात कूस बदलताना आई धाकटीच्या हातातून निसटली. फरशीवर पडल्याचा आवाज घडीताईने ऐकला. धाकटी ओरडली. घडीताईच्या हातात चहा होता. तिने तो संपवला, कप खाली ठेवला, मग उठली.

आईने धाकटीकडे पाहिलंच नाही. ती दारातल्या मोठीकडे बघत होती आणि या वेळी तिने हाक मारली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात जुळायचं नाही, डॉक्टर म्हणाले. आई चाळीस दिवस जगली. धाकटीने रजा घेतली, वाढवली, पुन्हा वाढवली. मालकांनी दोनदा समज दिली आणि पुन्हा पेपर काढला. खुर्ची खळ लावणाऱ्या एका माणसाला गेली. धाकटी मोजणीत परत आली.

"आता आपण दोघी सारख्या," घडीताई एकदा म्हणाली. हे ऐकून बरं वाटेल असं तिला वाटलं होतं.

धाकटीने तिच्याकडे वळून विचारलं, "आई पडली त्या दिवशी तुला ऐकू येत होतं ना?"

"पहिल्या हाकेपासून."

त्याच आठवड्यात धाकटीने आतल्या खोलीत आपली वेगळी चूल मांडली. आजही दोघी त्याच घरात राहतात, एकाच वेळी कामावर निघतात. धाकटी दोन पावलं पुढे चालते आणि घडीताई तिला गाठायचा प्रयत्न करत नाही.