वाळूवरचं धुणं

काल नातीने चित्र चिकटवायला बाभळीचा डिंक कालवला आणि त्या वासाने मी थेट सिस्टरांच्या शाळेत जाऊन पोचले. तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिरंगा नुसता घरात सापडला तरी पोलीस माणूस उचलून न्यायचे.

शाळेत आमच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मी गोदावरीच्या वाळूत वाळत घातलेलं धुणं काढलं होतं. वर बाचा केशरी पटका, मधे धोतर, खाली मायचं हिरवं लुगडं. ते बघून सिस्टरांचा चेहरा उतरला. त्या चित्र काढून घेणार, तोच शाळेच्या तपासणीला आलेले साहेब समोर उभे राहिले.

“ये किसने बनाया?”

“मी. आमचं धुणं हाय ते,” मी कशीबशी म्हणाले.

तेवढ्यात ओसरीवर पोलीस अमीनाचे, म्हणजे फौजदाराचे, बूट वाजले. साहेबांनी चित्र भिंतीवरून ओढलं, गुंडाळलं आणि शेरवानीच्या आत सारलं. अमीन आत आला तेव्हा भिंतीवर नुसता ओला डिंक होता.

पुढे कित्येक दिवस दार वाजलं की मी कणगीमागे लपायचे. साहेबांनी पुरावा नेला, आता बाला धरायला येणार, एवढंच डोक्यात.

ते बूट साहेबांनीही ऐकले होते, हे कळायला मला आजी व्हावं लागलं.