माहा विरोध लिव

ठराव मंजूर झाला, की काकाजी कानामागची पेन्सिल काढत आणि तिच्या बोथट टोकाने टेबलावर दोनदा ठोकत.

"माहा विरोध लिव, बी.ए."

बी.ए. म्हणजे मी. आमचं वाचनालय मोहाडी तालुक्यातलं, आंधळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर आणि सात जणांचं कार्यकारी मंडळ. आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हा मी तिथे ग्रंथपाल म्हणून लागलो. आई बिड्या वळायची, वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचे. आमच्या मोहल्ल्यातला पहिला बी.ए. मी. हे तेव्हाही छाती काढून सांगायचो, आजही सांगतो. सभेचं इतिवृत्त लिहायचं कामही माझ्याकडेच होतं, कारण सचिवांनी लिहिलेलं पुढच्या महिन्यात त्यांनाच वाचता येत नसे.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सभा भरे. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उभा राहून वाचायचो. कोणी हरकत घेतली नाही, की अध्यक्ष सही करी. सही झाली, की कागदावर आहे तेच सभेत घडलं होतं असं ठरे.

काकाजींना वर्गणीदारांनी मंडळावर निवडून दिलं होतं. डोंगराकडच्या मँगनीजच्या एका खाणीतून ते निवृत्त झालेले. मंडळात विरोध करणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बहुतेकांचा खुर्चीवर डोळा असतो. काकाजींना खुर्ची नकोच होती. ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसत आणि विरोध करताना कधी आवाज चढवत नसत.

एका पावसाळ्यात सदस्यांनी नियम आणला: चिखलाच्या पायांनी वाचनकक्षात येऊ नये. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांधीतून परतणारे लोक पेपर चाळायला येत आणि फरशीवर पावलं उमटत. सहा हात वर गेले. पेन्सिल दोनदा वाजली.

"फरशी कायले टाकली जी आपण? पाह्याले?"

"मंग चिखल कोण पुसन, काकाजी?" सचिवांनी विचारलं.

"पुसा कायले लागते? दाराशी बादली ठेवा. पाय धुवून येतीन लोक."

मी विरोध लिहिला. दुसऱ्या दिवशी दाराशी बादली आणि तांब्या आला, काकाजींच्या घरचा. नियम कागदावर राहिला आणि लोक पाय धुवून आत येत राहिले.

चहा झाला, की काकाजी कप मोजत. सभा उठली, की खुर्च्या मोजत. सगळे हसत. मीही एकदा हसत विचारलं, "काकाजी, कप काय पळून जाते का?"

ते हसले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं. पुढे कधी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही.

खाणीत ते बत्तीघरात होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबराची बत्ती द्यायची आणि पाळी सुटली, की ती त्याच नंबराच्या खुंटीला लावायची. खुंट्या मोजायच्या आणि मगच रजिस्टरात लिहायचं, सगळे वर आले. बरीच वर्षं रोज तेच. एका संध्याकाळी त्यांनी न मोजताच लिहिलं. एक खुंटी रिकामी होती.

"सकाळी त्याले वर आणलं," काकाजी म्हणाले. "जीव नोहता. रजिस्टरात मातर तो आदल्या सांजेलेच वर आला होता."

मग त्यांनी माझ्यासमोरचं इतिवृत्ताचं पुस्तक आपल्याकडे ओढलं. "अक्षर चांगलं आहे गा तुहं. चांगल्या अक्षराले कोणी तपासत नाही. ध्यानात ठेव."

मला त्यातलं कौतुकच तेवढं ऐकू आलं.

काकाजींचा जीव होता पुस्तकपेटीत. पत्र्याची हिरवी पेटी, आत चाळीस पुस्तकं. दर दुसऱ्या मंगळवारी ती ट्रकवर घालून ते खाणकामगारांच्या वसाहतीत नेत, एका ओसरीत उघडत आणि सांजेला परत आणत. परत आलेली पुस्तकं माझ्या टेबलावर एकेक ठेवताना पुटपुटत, "एक वर आला. दोन वर आले."

त्याच पेटीचा विषय एका रविवारी सभेपुढे आला. आमचं वाचनालय सरकारदरबारी 'क' वर्गात होतं आणि 'ब' वर्गासाठी, म्हणजे वाढीव अनुदानासाठी, पुढच्या महिन्यात तपासणी व्हायची होती. अंदाजपत्रकात पेटीसाठी ठेवलेली तरतूद कपाटांकडे वळवावी, पेटी बंद करावी, असा ठराव.

अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हता. तो समजावून म्हणाला, "चवदा पुस्तकं अडकून आहेत, काकाजी. तपासणीत काय दाखवाचं?"

"अडकली म्हणजे कोणाच्या तरी घरी आहेत ना जी. जाऊन पाहा लागते."

"कोण जाईन?"

"मी जातो. तीन महिने द्या."

"त्या लोकायले वाचाले वेळ तरी भेटते का?" एक सदस्य हसून म्हणाला.

काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "दिवसभर जमिनीखाली राह्यलेल्या माणसाले वर आल्यावर काय करा वाटते, तुले माहीत आहे का, बाबू? मी पाह्यलं आहे. तो उजेडात बसते. हातात काहीतरी पाह्यजे ना त्याले."

सहा हात वर गेले.

टक, टक.

"माहा विरोध लिव, बी.ए."

सभा उठली. काकाजी खुर्च्या मोजून गेले. अध्यक्ष मागे थांबला आणि दाराकडे पाहत हळूच म्हणाला, "लिहिताना सर्वानुमते टाक."

"अन् काकाजींचा विरोध?"

"इतिवृत्तात भांडण दिसलं तर वर्ग अडकते. वर्ग वाढला तर तुहंही भलं आहे. काकाजीले मी समजावतो."

माझा हात कोणी धरला नव्हता. घरी पहिलाच पगारदार मी होतो आणि 'ब' वर्ग मला हवा होता. त्या दिवशी मी नवं निब लावलं आणि सावकाश लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर.

तिसऱ्या दिवशी काकाजी सायकल ढकलत आले आणि टेबलावर एक पुस्तक ठेवलं. "एक वर आला."

"पेटी तर बंद झाली, काकाजी."

"पेटी बंद झाली. माणसं आहेत ना." मग सहज विचारलं, "इतिवृत्त झालं लिवून?"

"झालं जी."

"दाखवू नको. सभेत वाचजो. मी आयकतो."

शब्द खोडून बाजूला छोटी सही केली असती, तर जमत होतं. पण पान स्वच्छ होतं आणि तपासणी तोंडावर होती. उद्या करू म्हटलं. उद्याही उद्याच म्हटलं. काकाजी मात्र एक दिवसाआड उन्हात जात राहिले. कोणाकडे पुस्तक गादीखाली होतं, कोणाकडे भाच्याने शाळेत नेलेलं. पाच आली, नऊ आली, तेरा आली.

चौदावं आलं नाही. एका दुपारी जेवून काकाजी पडवीत आडवे झाले, ते उठले नाहीत.

पुढच्या सभेत आधी शोकठराव झाला. दोन मिनिटं उभे राहिलो. खिडकीजवळचं स्टूल कोणी हलवलं नव्हतं. मग पहिला विषय आला. मी वाचत गेलो आणि त्या ओळीशी आलो. ठराव सर्वानुमते मंजूर. पुढचं मला वाचवेना.

"कोणाची हरकत?" अध्यक्षाने विचारलं.

मी शिकलेला माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण टेबलावर दोनदा वाजलं. बोथट टोकाने वाजावं तसं. अध्यक्षाचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. त्यालाही ऐकू आलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानेही तो विषय काढला नाही. त्याने सही केली.

तपासणी झाली. वर्ग वाढला. मग एका मंगळवारी मी सायकल घेऊन वसाहतीत गेलो. चौदावं पुस्तक एका कामगाराच्या बायकोकडे होतं. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं.

"पेटीवाले बाबा म्हणून गेले होते, मंगळवारी येतो, तवरक वाचून घे. माहं दोनदा वाचून झालं जी. ते काहून नाही आले?"

"वारले."

ती दाराच्या चौकटीला टेकली. म्हणाली, "मंग पेटी कोण आणन आता?"

"पेटी बंद केली."

"कोणं?"

"मंडळानं."

"सगळ्याईनं?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या बाबानंही?"

माझ्या पुस्तकात उत्तर लिहिलेलं होतं. त्यावर अध्यक्षाची सही होती.

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी विरोध केला होता."

"वाटलंच मले," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. काकाजींचा विरोध मी असा एकदाच नोंदवला, त्या दारात, कागदाशिवाय. पुस्तक आणून मी माझ्याच टेबलावर ठेवलं. एक वर आला, असं म्हणायला गेलो, पण आधी परत आलेली पुस्तकं मोजली.

त्यानंतर प्रत्येक ठरावाखाली मी अर्धी ओळ मोकळी सोडत आलो. मागून कोणी काही घुसडू नये म्हणून तपासनीस त्या जागेवर लाल रेघ ओढत. "ही जागा कायले सोडता जी दरवेळी?" एकाने विचारलं. सवय आहे, म्हणालो.

निवृत्त होताना चार्ज द्यायचा होता, तेव्हा जुनी इतिवृत्तं काढली. आजूबाजूच्या पुस्तकांना वाळवी लागली होती. माझ्या त्या पानाला नव्हती. शाईसुद्धा उडालेली नाही. मी पान उजेडाकडे धरलं. ठराव सर्वानुमते मंजूर.

अक्षर फार चांगलं आहे.