खिळ्यावर नसलेला विळा

बाळांनो, तुमच्या इटलीतल्या गावचं ते छोटं संग्रहालय आठवतं ना? तुम्हाला आइस्क्रीमची घाई होती आणि मी एका लाल सदऱ्यापाशी अडकले होते. तुकड्यातुकड्यांच्या राज्यांचा एक देश व्हावा म्हणून लढलेल्या शेतकऱ्याचा तो सदरा. कोपरांवर ठिगळं होती. लढाईनंतर तो हाच घालून शेतात राबायचा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

आपलं जव्हारही एके काळी संस्थान होतं. परतल्यावर मी इथे तशाच संग्रहालयासाठी एक खोली मागून घेतली. संग्रहालयासाठी नेमलेल्या समितीने राजघराण्याच्या तसबिरी आणल्या. मी जवळच्या पोशेरा गावातल्या एका मजूर म्हातारीचा विळा आणला. जमीनमालकाचं भात फुकट कापणार नाही, असं म्हणून तिच्या सासूने तो एकदा बांधावर ठेवून दिला होता. मी तो खिळ्याला टांगला आणि खाली दोघींच्या नावाचं कार्ड लावलं.

भात पिकलं तशी म्हातारी दारात उभी.

"बाई, माजा इळा दे."

"अगं, तो आता संग्रहालयाचा."

"मंग भात काय या भिंतीनं कापू?"

"दुसरा घे ना."

"त्याला माजा हात ठावा नाय."

मी वहीत नोंद केली आणि विळा दिला.

समितीचे अध्यक्ष भडकले. उद्घाटन चार दिवसांवर आलेलं. "मॅडम, शिरपामाळाचं ऐतिहासिक ठिकाण बघून लोक इथे येणार, त्यांना रिकामा खिळा दाखवायचा? विळा इथे राहत नसेल तर कार्ड काढा."

"इटलीतला सदरा ठिगळं लावून शेतात जात होता."

"तो आता काचेत आहे ना!"

"कारण तो घालणारा गेला. ही अजून कापतेय. कार्ड निघणार नाही."

उद्घाटनाच्या सकाळी पाहते तर खिळ्यावर संस्थानच्या महाराजांची तसबीर, कार्ड झाकलेलं. पाहुण्यांच्या देखत मी स्टुलावर चढले, तसबीर उतरवून अध्यक्षांच्या हातात दिली आणि कार्डाखाली दुसरं लावलं: 'विळा कामावर गेला आहे.' माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. स्टूल कोणी धरलं नाही.

कापणी संपल्यावर म्हातारी आली. विळ्याला धार होती आणि मूठ कोरी करकरीत.

"जुनी ढिली झालती," ती म्हणाली.

"म्हणजे आता ही वस्तू अस्सलही नाही," अध्यक्ष म्हणाले.

मी वहीत लिहिलं, 'परत आला. मूठ नवी,' आणि विळा टांगला. तुम्ही कापणीत आलात तर खिळा रिकामाच दिसेल. कार्ड मात्र असेल. त्यावरची दोन्ही नावं मोठ्याने वाचा.