काकूंची शिकारीची सॅक

अख्ख्या कतारमध्ये शिकारीची सगळ्यात चोख तयारी कोणाची, असं मला कोणी विचारलं, तर मी बेधडक आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव सांगेन. काकू मूळच्या नाशिकच्या, शुद्ध शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा न खाणाऱ्या. झुरळापलीकडे त्यांनी आयुष्यात काही मारलेलं नाही. तरीही दोह्यातल्या अल मुंतझा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, देवघराशेजारच्या खुंटीवर, शिकारीची सॅक बारा महिने भरलेली असायची. यावर हसणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खुशाल हसावं.

झालं असं, की काकांच्या ऑफिसातल्या एका कतारी गृहस्थांनी एका हिवाळ्यात दोघांना दुखानच्या बाजूला, वाळवंटातल्या आपल्या तंबूवर बोलावलं. ससाणा घेऊन सगळे शिकारीला निघाले. वाळूच्या चढउतारांवर काकांना गाडी लागली, ते परत येऊन तंबूत आडवे झाले, आणि काकू त्या गृहस्थांच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसून पुढे गेल्या. ससाणा हातावरून सुटताना त्यांनी पाहिला, आणि मग दर हिवाळ्यात त्या जायलाच लागल्या. "खायचं नाही तर जाता कशाला?" असं इथल्या मराठी मंडळात एका बाईंनी विचारलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही क्रिकेट बघता तेव्हा चेंडू खाता का?"

सॅकमध्ये कपाळाला बांधायची बॅटरी होती, नायलॉनची दोरी, होकायंत्र, ताडपत्री, काटे काढायचा चिमटा, मीठ-साखरेच्या पुड्या, जखमेवर दाबायला हळद, आणि वाट चुकलीच तर उन्हाचा कवडसा पाडायला पावडरच्या डबीतला आरसा. शिट्टी चालते का ते त्यांनी लिफ्टमध्ये वाजवून पाहिलं, तेव्हा वॉचमन जिन्याने धावत वर आला. मारलेल्या पक्ष्यांसाठी त्यांनी मलमलच्या पिशव्या शिवल्या होत्या. "मांस प्लास्टिकमध्ये घालू नये गं, घाम धरतं. हवा लागली पाहिजे. चक्क्यासारखंच," असं त्या मला गंभीरपणे समजावत. चक्क्याच्या पिशव्याही त्याच मलमलच्या. फक्त शिकारीच्या पिशव्यांना लाल दोरा. पाडव्याला काका श्रीखंडाची वाटी पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले.

"दोरा कुठला होता?"

"पांढरा."

"नक्की?"

"अहो, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि आज दोऱ्यावर अडलात?"

काकांनी वाटी संपवली, पण डोळे मिटून.

दोह्याच्या पर्ल वस्तीतल्या एका घरी हळदीकुंकवाला काकू पैठणीवर ती सॅक अडकवून आल्या होत्या. "काकू, घर बदलताय का?" यजमानीणबाईंनी विचारलं, आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. "नाही, सवय करतेय. आयत्या वेळी खांदा कुरकुरायला नको," म्हणत काकूंनी सॅकसकट कुंकू लावून घेतलं. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. मी तेव्हा कोपऱ्यात बसून गप्प होते, नेहमीसारखी.

या हिवाळ्यात काका रिटायर झाले. घर आवरायला काढलं, नाशिकची तिकिटं आली. काकूंचा गुडघा सुजलेला. "आई, या वर्षी शिकार-बिकार खलास," मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं. काकांनी खुंटीवरची सॅक काढून, वाटून टाकायच्या सामानात दाराशी ठेवली. काकूंनी ती उचलली आणि पुन्हा खुंटीला लावली.

"मी जाणार आहे. शेवटचंच आहे, म्हणून तर जाणार आहे."

"आणि पडलीस तर?"

"तर वाळूतच पडेन ना? नाशिकला फरशीवर पडण्यापेक्षा बरं."

काकांनी एकच अट घातली, सोबत कोणीतरी हवं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून "मी जाते" निघालं, ते ऐकून माझी आईच दचकली.

वाळवंटात त्या दिवशी काहीच घडलं नाही. ससाणा झेपावला, पक्षी झुडपांत शिरून निसटला. कोणी हरवलं नाही, कोणाला काटा लागला नाही. यजमानांच्या गाडीत फ्रिजसुद्धा होता. सॅकची चेनही उघडली नव्हती.

"काकू, यातलं काहीच लागलं नाही," मी म्हटलं.

"नाही लागलं म्हणजे नीट भरली होती."

निघताना म्हाताऱ्या आजींनी काकूंचा हात धरला आणि अरबीत काहीतरी विचारलं. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या यजमानांनी, हिंदीत सांगितलं, "अम्मा पूछ रही हैं, अगले साल आओगी ना?" काका रिटायर होऊन परत चाललेत हे त्यांना माहीत होतं, विचारून झाल्यावर ते दुसरीकडे बघायला लागले.

"इन्शाल्ला," काकू म्हणाल्या. दोह्यात काम टाळताना म्हणतात तसं नाही. तारीख ठरवून टाकल्यासारखं, मान वर करून.

गाडीत बसल्यावर त्या गुडघा दाबत बाहेर बघत राहिल्या. काच खाली होती, थंड वारा आणि वाळू आत येत होती. काच वर करू का, असं मी विचारलं नाही. त्यांच्या केसांत बारीक वाळू साठत होती, तीही त्यांनी झटकली नाही.