मोतीच्या पोळ्याची सोडत

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने ऐकते आणि चहाचा कप विसळेपर्यंत विसरून जाते. माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे 'आपोआप झालं' असं कोणी म्हटलं की आधी हसूच येतं. पण हा एक अनुभव... याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष. 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या सरांनी प्रोजेक्टसाठी दोघादोघांच्या टीम केल्या. मी आणि समीर एकाच गावचे, धामणगाव बढेच्या अलीकडचे, म्हणून एकत्र. दिलेली नावं चिठ्ठ्यांसारखी मिसळून एकेक काढणारा प्रोग्राम, हा आमचा प्रोजेक्ट. त्या वर्षांत गावभर बीटी कपाशी होती, ट्रॅक्टर आले होते, कित्येकांनी बैल विकले होते. तरी पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, यावरून भांडण ठरलेलं. सरपंचांनी वैतागून सांगितलं — यंदा सोडत काढा.

"आपल्या प्रोजेक्टवरच काढू ना मंग," समीर म्हणाला.

त्याच्या आजोबांचा, म्हणजे गावाच्या चाँदचाचांचा बैल मोती म्हातारा झाला होता. त्याचा हा शेवटचा पोळा. चाचा जन्मभर रांगेच्या शेवटी चाललेले. तोंडाने काही बोलत नव्हते, पण झूल मात्र कधीचीच शिवून ठेवली होती.

"लबाडी नाही करायची बरं," मी दटावलं.

"काऊन करीन? पन निघालं त लय मजा येईन."

पोळ्याला सर स्वतः लॅपटॉप घेऊन आले — पुरणपोळीचं आमंत्रण होतंच. सगळ्या गावासमोर सरपंचांनी बटण दाबलं. नाव आलं : शेख चाँद.

आणि ढोल जो सुरू झाला! मोती नवरदेवासारखा निघाला. पुढे चाचा, खणखणीत आवाजात झडत्या, पोळ्याची गाणी म्हणत. सरपंचांनी आपण होऊन नारळ फोडला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. इतका आनंद त्या गावात मी क्वचितच पाहिला.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये सर आमचा प्रोग्राम तपासत होते. "अगं, एक ओळच राहिली की!" दरवेळी वेगळा आकडा यावा म्हणून एक ओळ लिहावी लागते, ती आम्ही लिहिलीच नव्हती. म्हणजे प्रोग्राम कितीही वेळा चालवा, पहिलं नाव एकच येणार. सरांनी चालवला. तोच लॅपटॉप, तीच फाइल. नाव आलं सरपंचांचं. पुन्हा चालवला — सरपंच. दुपारभर सरपंचच. चाचांचं नाव पार शेवटी.

"त्या दिवशी बटण एकदाच दाबलं होतं ना?" सरांनी हळूच विचारलं.

"तुम्ही शेजारीच उभे होता, सर."

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, ओळ लिहा आणि जमा करा. जुनी फाइल माझ्याकडे अजून आहे. दर पोळ्याला चालवते. सरपंचच निघतात.

लॅबमधल्या त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं चाचांना सगळं सांगायला गेलो. ते गोठ्यात मोतीला सरकीची ढेप चारत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीन चुकली असन त चुकू दे," ते म्हणाले. "पन मोतीले तूच सांग, बेटा. शिंगाचा बेगड बी काढू देऊन नाही राह्यला तो मले."

मोतीने मान वर केली. शिंगं अजून चमचमत होती. मी ढेपेचा एक तुकडा त्याच्यापुढे धरला... आणि त्या दिवशी चाचांचं नाव कसं निघालं, याचं सांगण्यासारखं कारण मला आजही सापडलेलं नाही.