कल म्हणजे नेमकं कधी

ती अंतराळातली मालिका माझ्या जन्माआधीपासून कुठल्याशा परदेशात बनत होती आणि लोहाऱ्यातल्या आमच्या टीव्हीवर हिंदी बोलत यायची. चॅनेलवाले मनाला येईल तो भाग लावत. या रविवारी म्हातारा होऊन निवृत्त झालेला कप्तान पुढच्या रविवारी पोरसवदा होऊन नोकरीला लागायचा. मला हा गोंधळ सहन होत नसे. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, त्यांनाही होत नसे. म्हणून आम्ही न्हाणीच्या पत्र्याच्या दारावर त्यांच्या खडूनं एक लांब रेघ ओढली आणि आधी काय घडलं, नंतर काय, ते तिच्यावर मांडत गेलो. आई त्या दारातून अंग चोरून आत जायची. एक अक्षर पुसलं गेलं तरी मी घर डोक्यावर घेई.

आमचं भांडण झालं ते महायुद्धावरून. मालिकेतली माणसं काळातून मागंपुढं उड्या मारत आणि आपण कोणत्या सालात उतरलो ते त्यांचं त्यांनाच कळत नसे. एका ग्रहावर त्यांनी एका म्हातारीला विचारलं, "महायुद्ध कब?" म्हातारी म्हणाली, "कल." आणि तेवढ्यात आमची लाइन गेली. पुढच्या रविवारी चॅनेलवाल्यांनी भलताच भाग लावला.

"म्हंजे उद्या," बाबा म्हणाले.

"काल," मी म्हणाले. "होऊन गेलं ते."

"तुले कसं मालूम?"

मला काही मालूम नव्हतं. पण त्या ग्रहावर इंजिन दुरुस्त करणारी एक बाई होती आणि ती मला फार आवडायची. युद्ध काल झालं असेल तर ती त्यातून वाचली होती. उद्या असेल तर संपलीच. बाबांनी युद्ध रेघेच्या उजव्या टोकाला लिहिलं, मी डाव्या, आणि दोघांपैकी कुणी पुसेना. "या हिंदीवाल्यायचं काल अन् उद्या एकाच शब्दात कसं भागते बाप्पा," म्हणत बाबा हसले. मी हसले नाही. हार मानणं माझ्या रक्तातच नव्हतं.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. जिनिंगचं फाटक बंद झालं आणि बाबा कामाला गुजरातेत गेले. होळीला येतो म्हणाले. तेव्हा आमच्याकडं माणूस सांगितल्या वेळेला घरी आला नाही, की लोक आधी विहिरीत डोकावत. आम्हाला शेत नव्हतं, पण भीतीला सातबारा लागत नाही. आई तर घराच्या फाटकाचा आवाज आला तरी दचकायची.

होळीच्या दोन दिवस आधी तिनं मला चौकातल्या एसटीडीवर नेलं. मालिका बघते म्हणून हिंदी बोलायचं माझ्याकडं. बाबांच्या गुजरातेतल्या कारखान्यात फोन लागला, पण पलीकडं मशीनचा नुसता खडखडाट होता. मी जीव खाऊन ओरडले, "फिटर साब घर कब?"

"कल! कल!" कुणी तरी ओरडलं आणि फोन कटला. पुन्हा लावला, तर कुणी उचलेना.

"काय म्हनला?" आईनं विचारलं.

"कल."

"काल निंगाले का उद्या निंगतीन?"

"काल," मी सवयीनं म्हणाले.

आईचा चेहरा उजळला. काल निघाले म्हणजे आज संध्याकाळच्या गाडीला येणार. आम्ही फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो. एक बस आली, मग शेवटचीही आली. बोचकी उतरली, बाया उतरल्या, बाबा नव्हते. आईनं रिकाम्या बसमध्ये डोकावून पाहिलं.

परतताना ती थांबली. "नीट आठव. उद्याच म्हनला असन तो."

"तो फक्त कल म्हणाला, आई."

"मंग तू काहून काल म्हनली?" भर रस्त्यात ती माझ्यावर एवढी ओरडली, की मला रडूही येईना. दुपारी आम्हा दोघींना तो काल हवा होता. आता दिवेलागणीला तोच नको झाला होता, कारण काल निघालेला माणूस अजून पोचला नव्हता, म्हणजे वाटेत काही तरी झालं असणार.

घरी आल्यावर मी न्हाणीच्या दारापाशी गेले. बाबांचा कल उद्याचा हवा, तर म्हातारीचा कलही उद्याचाच धरायला हवा. एकाच शब्दाला दोन न्याय कसे लावणार? मी तळहात ओला केला आणि डावीकडचं युद्ध पुसून टाकलं. उजवीकडचं बाबांचं तेवढं राहिलं. इंजिनवाली बाई आता वाचत नव्हती. मला रडू आलं, पण मी ते युद्ध परत लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई प्रत्येक गाडीच्या वेळेला दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी होळी आली तरी पुरणाची डाळ तशीच डब्यात पडून राहिली. होळी पेटायच्या वेळेला बाबा पिशवी घेऊन दारात उभे. आईनं पिशवी हिसकावून घेतली. "एक फोन कराले हात मोडले होते का तुमचे?" म्हणाली आणि मग हुंदके देऊ लागली.

बाबा पाय धुवायला गेले आणि दाराकडं बघत राहिले. "अवं, तुहं युद्ध कुठी गेलं?"

"पुसलं."

"कायले पुसलं? तूच बरोबर होती. तिकडं आमच्या खोलीत टीव्ही होता, पुढचा भाग पाह्यला म्या. युद्ध कालच झालतं. थे इंजिनवाली वाचली." त्यांनी खिशातून खडू काढला आणि डाव्या टोकाला टेकवला.

मी त्यांचा हात धरला. "राहू द्या."

"अवं, पण तू जितली ना!"

"राहू द्या, बाबा. उद्याच राहू द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या आईकडं, आणि खडू खिशात परत ठेवला.