मोहाखालची चूल

जामसिंगला एक काम सांगितलं की तो दीड करतो. पाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात. शेजाऱ्याने म्हणावं, जरा कुंपणाचा हा कोपरा बांधून दे, की हा अख्खं कुंपण बांधून मोकळा. धडगावच्या कचेरीत कोणी अर्जाची एक नक्कल मागितली तर हा दोन काढून नेतो, वर विचारतो, ‘अजून लागेल का साहेब?’ भला माणूस आहे, त्यात वादच नाही. पण भलेपणालाही कुठेतरी लगाम लागतो. तो जामसिंगकडे जन्मापासून नव्हता, आणि त्यानेच घात केला.

अक्राणीच्या डोंगरात, जीप सोडल्यावर बरीच चढण चढून गेलं की त्याचं घर लागतं. घरासमोर उताराचं शेत आणि शेताच्या बांधावर मोहाचं एक मोठं झाड. शेत जामसिंगचं, झाड मात्र त्याच्या धाकट्या बहिणीचं, गुलाबबाईचं. खालच्या मुलखातल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. डोंगरात वाटत नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचा मोह दुसऱ्याचा, असं इथे चालतं आणि त्यावरून कोणी कोर्टात जात नाही. मुलीला जमीन मिळत नाही, पण गुलाबबाईच्या लग्नात बापाने चार माणसांसमोर खोडावर हात ठेवून सांगितलं होतं, हे झाड पोरीचं. जामसिंग तेव्हा बापाच्या शेजारीच उभा होता.

होळी झाली की गुलाबबाई दोन डोंगर ओलांडून, डोक्यावर टोपली घेऊन माहेरी यायची. घरात राहायची नाही. झाडाखाली तीन दगडांची चूल मांडायची आणि फुलं गळून संपेपर्यंत तिथेच मुक्काम. पहाटे फुलं वेचायची, उन्हं वर आली की ती वाळत घालायची, दुपारी भावाच्या पोरांना गोळा करून मक्याच्या भाकरी थापायची. जामसिंगची बायको फुलीबाई घरची भाजी घेऊन तिथेच येऊन बसायची. मग दोघी नणंद-भावजया जामसिंगची नक्कल करून पोट धरून हसायच्या, आणि तो बिचारा आणखी लाकडं फोडून आणायचा. उन्हाळा सरता सरता गुलाबबाईची दुसरी खेप व्हायची, मोहाच्या बिया वेचायला. बियांचं तेल काढायचं, अर्धं तिने न्यायचं, अर्धं भावाकडे राहायचं. जामसिंगच्या घरची भाजी त्याच तेलात शिजायची आणि दिव्यातही तेच जळायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी, गुलाबबाई बिया वेचून सासरी परतल्यावर, उमाकांत नावाचा तरुण आला. शहाद्याकडचा, बोलायला गोड, पायात धुळीने माखलेले बूट. तो एका कंपनीचं काम करत होता आणि गावोगाव एकच झाड लावायला सांगत होता. मोगली एरंड. जामसिंगला हसू आलं. मोगली एरंड म्हणजे कुंपणाला लावतात ते. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. ते शेतात?

“जामसिंगभाऊ, हाई तेलनं झाड शे,” उमाकांत म्हणाला. “आते गाड्या यानावरच चालतीन. शहरना लोके पैसा लायी ऱ्हायनात, गरीबना भलासाठे. तुम्ही फक्त लावा, बी आम्ही लेसूत.”

आता उमाकांत लुच्चा नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. लुच्चा असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्याने स्वतःच्या बापाच्या शेतातही हीच रोपं लावली होती. गरिबाचं भलं होणार म्हणताना त्याचा चेहरा खरंच उजळायचा. मोहाखाली बसून त्याने चहा घेतला, झाडाकडे मान वर करून बघितलं, ‘कितलं मोठं झाड शे!’ म्हणाला. पहिला पाऊस झाला की रोपं पाठवतो असं सांगितलं आणि उतरणीला लागता लागता मागे वळून म्हणाला, “फक्त सावली नको बरं भाऊ. याले ऊन लागस.”

एवढंच. तो निघून गेला आणि जामसिंग बांधावर उभा राहून सावलीकडे बघत बसला. दुपारनंतर मोहाची सावली निम्म्या शेतावर पसरायची. आजवर ती कधी त्याच्या डोळ्यात खुपली नव्हती. त्या दिवशी खुपली.

“झाड तोडण्याआधी गुलाबला विचारा,” फुलीबाई म्हणाली. घरात पावरी बोलतात, इथे ते मराठीत सांगतोय.

“विचारलं की ती रडत बसेल. पहिलं पीक येऊ दे. झाडाने तिला जे दिलं असतं त्याच्या दीडपट तिच्या पदरात टाकतो.”

बघा, इथेही दीडच. बहिणीच्या झाडावर भावाने कुऱ्हाड चालवायची आणि वर तिचंच भलं करायचं! झाड पडलं तेव्हा शेतात असा भगभगीत उजेड पडला की फुलीबाईने डोळ्यांवर आडवा हात धरला. त्या दिवशी तिने जामसिंगला वाढलं आणि स्वतः अंगणात जाऊन बसली.

पाऊस पडला, रोपं आली, जामसिंगने ती सांगितल्यापेक्षा दाट लावली. बहिणीला निरोप धाडायचं त्याने आज-उद्या करत टाळलं. मग होळी आली.

होळीनंतर गुलाबबाई नेहमीसारखी टोपली घेऊन चढण चढून आली. बांधाशी पोचली आणि थांबली. तिने आधी इकडेतिकडे बघितलं, जणू आपणच वाट चुकलो. मग तिला बुंधा दिसला. जामसिंग घराच्या दारात होता. ती ओरडेल, शिव्या देईल, ऊर बडवेल, या सगळ्याची त्याने मनात तयारी केली होती. त्यातलं काहीच झालं नाही.

तिने टोपली खाली ठेवली. बुंध्याशेजारी तिच्या चुलीचे तीन दगड तसेच पडले होते, धुराने काळे झालेले. एकेक उचलून तिने टोपलीत घातले. टोपली डोक्यावर घेताना तिची मान लचकली, तशी फुलीबाई हात द्यायला धावली.

“राहू दे,” गुलाबबाई म्हणाली. “माझंच आहे, मीच नेते.”

“गुलाब, ऐक तरी,” जामसिंग पुढे झाला. “पीक आलं की—”

“दादा, बापाने झाडावर हात ठेवला तेव्हा तू कुठे होतास?”

उत्तराची वाट न बघता ती उतरायला लागली. पाणीसुद्धा प्यायली नाही. भर उन्हात, डोक्यावर दगड घेऊन बहीण माहेरून चालली आहे आणि आपण दारात खांबासारखे उभे आहोत, हे जामसिंगला कितीतरी वेळ खरंच वाटेना.

त्यानंतर ती आली नाही. ना होळीला, ना भाच्याच्या लग्नाला.

मोगली एरंड वाढला, हिरवागार झाला, आणि बी धरायची म्हणाल तर ओंजळभर. उमाकांतची जीप आधी वर्षातून दोनदा यायची, मग एकदा, मग बंदच झाली. फोन लावला तर लागायचा नाही. शेतात मका लावायला जागा उरली नाही, म्हणून जामसिंगने निम्मी झाडं उपटून काढली आणि निम्मी ठेवली. न जाणो, साहेब आला तर? भाजीला तेल आता दुकानातून पिशवीत यायचं. फुलीबाई पिशवी कोपऱ्यात कापायची आणि दर वेळी नवऱ्याकडे बघायची. तेवढं पुरायचं.

यंदा मे संपता संपता धडगावहून आलेल्या जीपवाल्याने सांगितलं, तेलाच्या बियांची खरेदी सुरू झालीय, गाड्या चालवायच्या त्याच तेलाची. जामसिंग उडालाच. कोपऱ्यातली पोती झटकली, साठवलेली सगळी बी भरली, शेतात उरलेल्या झाडांवरचीही झोडून घेतली. ‘आता गुलाबकडे जाता येईल,’ एवढं एकच त्याच्या मनात होतं. लुगडं घ्यायचं, चांदीचं काहीतरी घ्यायचं, आणि तिच्या दारात जाऊन उभं राहायचं.

धडगावच्या बाजारात एका शेडपुढे काटा लावला होता. काट्यामागे खुर्चीवर उमाकांत बसला होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण हसणं तेच.

“जामसिंगभाऊ! वळख लागनी का?” त्याने हात धरला. मग पोत्यात हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. “हाई आते कोनी लेत नही, भाऊ. ते काम कव्हयच बंद पडनं. मन्हा बापनं वावरबी वाया गयं.”

“मग काय घेता?”

“मोहना बिया.”

जामसिंगला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं. उमाकांतने मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मोहाच्या तपकिरी, चकचकीत बियांचा ढीग, लहानपणापासून ओळखीचा. “तेल तेच, गाडीबी तीच,” उमाकांत म्हणाला. “आते लोके म्हनतस, नवं झाड लावानं कामच नही, डोंगरमा मोह शेच ना. आन तुन्हा बांधवर तं केवढं मोठं झाड शे! माले याद शे, आपन त्याखाले चहा पिनूत. त्याना बिया ली ये.”

जामसिंगने ढिगातली एक बी उचलली. जे तेल घरात दिव्यात जळत होतं, भाजीत शिजत होतं, त्याच तेलाचं झाड तोडून त्याने तेलाचं झाड लावलं होतं. त्याच्या डोक्यात हे कधी आलं नाही. फुलीबाईच्याही नाही. साहेब तर त्याच झाडाखाली बसून तेलाच्या गोष्टी सांगत होता!

“ते तोडलं,” तो कसाबसा म्हणाला.

“तोडं? कसाले?”

“तुम्हीच म्हणालात ना, सावली नको.”

उमाकांत उभाच राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. “मी?” तो म्हणाला. “भाऊ, मी झाड तोडाले कव्हय सांगं? मी म्हनं व्हतं, रोपं उनमा लावा…”

तो पुन्हा खुर्चीत बसला. जामसिंगला राग यायला हवा होता. आला नाही. पंधरा वर्षं ज्या शब्दापायी बहीण गमावली तो शब्द बोलणाऱ्याला आठवतसुद्धा नाही, याचा धक्का एवढा मोठा होता की रागाला जागाच उरली नाही. पोती तिथेच टाकून तो निघाला. घरी नाही, गुलाबबाईकडे.

ती अंगणात बिया वाळवत बसली होती. म्हातारी झाली होती. भावाला बघून उठली नाही, पण बसायला खाटेकडे मान हलवली. जामसिंग खाटेवर बसला नाही, जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं, काट्यापासून चहापर्यंत. सांगताना तो लहान पोरासारखा रडला. गुलाबबाईच्या हातातल्या बिया हातातच राहिल्या.

“या बिया?” तिने मूठ उघडून विचारलं.

“याच.”

तिने बिया एकेक करून परत वाळवणात टाकल्या. “म्हणजे ते कोणासाठीच पडलं नाही,” ती हळूच म्हणाली. “मला वाटायचं, निदान तुझ्या पोरांचं तरी पोट भरत असेल.”

ती उठून घरामागे गेली आणि पदरात काहीतरी जड घेऊन आली. धुराने काळा पडलेला दगड तिने भावाच्या मांडीवर ठेवला.

“हा घेऊन जा. होळीनंतर बाकीचे दोन घेऊन मी येते.”

“तिथे आता काही नाही, गुलाब. फुलं नाहीत. दिवसभर ऊन असतं.”

“असू दे. तिथेच चूल मांडेन,” ती म्हणाली. “आणि तू माझ्यासोबत त्या उन्हात बसायचं.”

जामसिंग दगड छातीशी धरून उठला आणि सवयीने घरामागे वळला, बाकीचे दोनही आपणच न्यावेत म्हणून.

“दादा,” गुलाबबाई ओरडली. “एक सांगितलाय. एकच ने.”